तारापूरची ऊब आणि नवापूरचे न्हाणीघर

बोईसर स्थानक सोडून पश्चिमेस निघालेले रस्ते औद्योगिक वसाहतीतून वाट काढीत ज्या गावांपाशी समुद्राला भिडतात, त्यांपैकी नवापूर हे एक. आणि त्याच्या उत्तरेस, त्याच किनाऱ्यावर थोड्या अंतरावर, तारापूरचे अणुविद्युत् केंद्र उभे आहे. मराठी इतिहासाच्या वाचकाला तारापूर आठवते ते 1739 च्या वसई मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून घेतलेला आणि सरदार बाजी भीवराव रेठरेकरांचा बळी घेऊन हाती आलेला कोट म्हणून. परंतु आज ते नाव उच्चारले असता तो कोट क्वचितच कोणाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. 1969 च्या ऑक्टोबरात येथील पहिल्या दोन अणुभट्ट्या व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. प्रत्येक भट्टीत सुमारे 660 मेगावॉट उष्णता उत्पन्न व्हावी, तिच्यातून 210 मेगावॉट वीज हाती लागावी आणि उरलेली सारी उष्णता शीतकाच्या नळ्यांतून फिरणाऱ्या समुद्रजलाबरोबर समुद्रालाच परत जावी, अशी त्यांची मूळ रचना होती. यात कोणाची हयगय नव्हती. वाफेवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्राकडून निसर्ग हा सारा वसूल करतो, आणि त्यातून संपूर्ण माफी कोणत्याही अभियंत्यास अद्याप मिळालेली नाही.

खरे आश्चर्य त्यापुढे आहे. तीन वाटे उष्णता उत्पन्न करावी, दोन वाटे समुद्रास अर्पण करावे, उरल्या वाट्याची वीज करून ती मनोऱ्यांवरून आणि रोहित्रांतून दूरदूर फिरवावी, आणि अखेरीस कोणा गृहस्थाच्या न्हाणीघरातील गीझरमध्ये तिची पुन्हा उष्णता करून दोन बादल्या पाणी तापवावे, हा द्राविडी प्राणायाम आपण इतक्या सहजपणे अंगवळणी पाडून घेतला आहे की त्यात काही विपरीत आहे असे कोणास वाटतही नाही. हीट पंप नावाचे जे यंत्र आज युरोपात घरोघरी बसविले जात आहे, ते हा व्यवहार काहीसा उलटा फिरविते. विजेची उष्णता करण्याऐवजी त्या विजेच्या बळावर ते बाहेरच्या हवेतली उष्णता गोळा करून पाण्यात आणून सोडते. म्हणून एक वाटा वीज घेऊन तीन वाटे ऊब देणे त्याला शक्य होते. तारापूरच्या समुद्रात गेलेले दोन वाटे असे वाऱ्यातून भरून निघतात म्हणावयाचे. परंतु या यंत्रापेक्षाही ते घरात ज्या मार्गाने येते तो मार्ग इतिहासदृष्ट्या अधिक मनोरंजक आहे. कारण ते पुष्कळदा दुकानातून येत नाही, तर वीज विकणारी कंपनीच योजना घेऊन दारी येते. जो माल विकतो तोच तो कमी लागावा असे उपकरण आपल्या गळ्यात का घालतो, या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

त्या काळी या किनाऱ्यावर ऊन पाणी ही विकत घेण्याची वस्तू नव्हती. मांगेला, भंडारी, वाडवळ यांच्या वस्त्यांतून घराच्या मागील अंगास चुलाण असे, त्यावर पाण्याचा हंडा चढे, आणि त्याखाली नारळाच्या सोडणांपासून करवंट्यांपर्यंत, झावळ्यांपासून सुरूच्या काटक्यांपर्यंत जे वाडीत आणि वाळूत सापडेल ते जळे. या दमट, उबदार हवेत रोज सर्वांना ऊन पाणी लागतेच असे नाही. परंतु रात्रभर खाऱ्या पाण्यात भिजून पहाटे होडी लावणाऱ्याला, बाळंतिणीला, तान्ह्या मुलाला आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणे लावून बसलेल्या साऱ्या कुटुंबाला ते लागे, आणि ते मिळावे म्हणून आदल्या संध्याकाळी सर्पण कोरडे आहे की नाही हे पाहण्याचे काम घरातील बायकांकडे असे. ज्यांच्या घरी चार पैसे खेळत त्यांच्याकडे तांब्याचा बंब आला. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीसारख्या ठिकाणी ठोक्याठोक्याने घडलेले हे पात्र यंत्रशास्त्राच्या दृष्टीने चुलीवरच्या हंड्याहून बरेच शहाणे होते, कारण त्यात अग्नी पाण्याच्या खाली नसून पाण्याच्या मधोमध असलेल्या नळीत असे, आणि त्यामुळे चुलाणावर चहूबाजूंनी वाया जाणारी आच सभोवतालच्या पाण्यालाच मिळे. बंब कोणी योजनेतून घेतला नाही. तो रोखीने घेतला जाई, मुलीच्या संसारात दिला जाई, आणि चेपला की कल्हईवाल्याला किंवा तांबटाला दाखविला जाई. इंधनाचा धनी आणि उपकरणाचा धनी एकच असल्यामुळे, इंधन विकणाऱ्याचे मनोगत ओळखण्याची पाळी कोणावर येत नसे.

ती पाळी प्रथम मुंबईवर आली. 1865 साली मुंबईचे रस्ते गॅसच्या दिव्यांनी उजळले. 1882 मध्ये नगरपालिकेने ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी करार करून क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लावविले, परंतु पुढच्याच वर्षी कंपनीचे दिवाळे वाजले आणि मंडईने मुकाट्याने पुन्हा गॅसची वाट धरली. विजेच्या धंद्याचे खरे बस्तान 1905 साली स्थापन झालेल्या बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीने बसविले. तिच्या नावातच वीज आणि ट्राम यांची जी जोडी आहे, तिच्यात या लेखाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दडलेले आहे. दिवे लागतात संध्याकाळी. परंतु वीजगृह, बॉयलर आणि तारा यांवर घातलेल्या भांडवलाचे व्याज दिवसाच्या चोवीसही तासांना चढत असते. संध्याकाळच्या चार तासांसाठी उभारलेले यंत्र उरलेले वीस तास आळसावून बसले तर दिव्याची वीज महाग पडते आणि गिऱ्हाईक गॅसकडे वळते. दिवसभर धावणारी ट्राम हे त्या आळसावर उत्तम औषध होते, आणि 7 मे 1907 रोजी मुंबईत विजेची ट्राम धावू लागली ती केवळ प्रवाशांच्या सोयीसाठी असे मानणे भाबडेपणाचे होईल.

हे गणित जगात सर्वांत कठोरपणे मांडणारा गृहस्थ शिकागोचा सॅम्युअल इन्सल. एडिसनचा हा एकेकाळचा चिटणीस. त्याने दिवसाची रिकामी वीज खपावी म्हणून दर उतरविले आणि विजेच्या इस्त्र्या वापरून पाहण्यासाठी घरोघरी वाटल्या. इस्त्री एकदा घरात शिरली की दुपारच्या वेळी मीटर फिरू लागतो, हे त्याने ओळखले होते. आपल्याकडे टाटांनी हेच तत्त्व गिरण्यांना लावले. खोपोलीचे जलविद्युत् केंद्र 1915 मध्ये चालू झाले तेव्हा मुंबईच्या गिरणीमालकांकडे स्वतःची वाफेची यंत्रे होती, कोळशाचे मक्ते ठरलेले होते, आणि घाटातून तारेने येणारी शक्ती पावसाळ्यानंतर टिकेल की नाही याविषयी त्यांच्या मनात किंतु होता; तो दूर करण्यासाठी दीर्घ मुदतीचे करारनामे आणि वाफेहून स्वस्त दर पुढे करावे लागले. या स्वस्ताईची एक किंमत मावळातल्या शेतकऱ्यांनी मोजली. टाटांच्या मुळशीच्या धरणाविरुद्ध 1921 पासून सेनापती बापटांनी जो सत्याग्रह चालविला, त्याची हकीकत वीजकंपन्यांच्या अहवालांत शोधू नये.

दारी आलेल्या विक्रेत्याचा हेतू पाहावयाचा असेल तर त्याच्या यंत्राची रिकामी वेळ कोणती ते पाहावे, एवढाच माझा या इतिहासावरून निष्कर्ष आहे. आणि पुढचे सर्व प्रकरण त्याला दुजोरा देते.

पालघरच्या किनाऱ्यापर्यंत हा विक्रेता फार उशिरा पोहोचला, आणि पोहोचला तो कंपनीच्या नव्हे तर सरकारी मंडळाच्या रूपाने. 20 जून 1960 रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. त्याचे काम वीज खपविणे हे नसून पोहोचविणे हे होते, आणि खेड्यापाड्यांतून अर्जदारच मंडळाच्या कचेरीत खेटे घालीत असल्यामुळे इस्त्री वाटण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच सुमारास तारापूरची निवड झाली. कोळशाच्या खाणींपासून दूर असलेल्या पश्चिम भारतात अणुवीज कोळशाच्या विजेशी स्पर्धा करू शकेल, असे होमी भाभा यांचे प्रतिपादन होते. मुंबई आणि अहमदाबाद या दोन भुकेल्या शहरांच्या मधला किनारा आणि शीतनासाठी अथांग समुद्र ही तारापूरची मुख्य शिफारस. 1963 मध्ये अमेरिकेशी करार झाला, जनरल इलेक्ट्रिकच्या भट्ट्या आल्या, आणि महाराष्ट्र व गुजरात यांच्यात त्यांची वीज वाटली जाऊ लागली. पुढे 540 मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्या 2005 आणि 2006 साली सुरू झाल्या, त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. दक्षिणेस नवापूरच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली: तारापूर औद्योगिक क्षेत्राचे सांडपाणी नळाने येथल्याच समुद्रात सोडले जाते, आणि त्यासंबंधीची तक्रार अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने 2016 साली राष्ट्रीय हरित लवादापुढे नेली. एका बाजूने ऊन पाणी, दुसऱ्या बाजूने मळके पाणी, आणि डोक्यावरून शहराकडे जाणाऱ्या तारा, असा हा किनारा आहे.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी मात्र विजेच्या विक्रेत्याचे धोरण पालटले. दाभोळचा वीजप्रकल्प 2001 मध्ये बंद पडला, मागणी वाढत गेली, आणि 2005 च्या जूनमध्ये मंडळाचे विभाजन होऊन महावितरण जन्मास आली ती भारनियमनाच्या अंधारातच. आता संध्याकाळी विकायला वीजच नव्हती. प्रत्येक विकलेले युनिट महागाने विकत आणावे लागत होते. तेव्हा ज्याने एके काळी अधिक जाळा म्हटले असते त्यानेच कमी जाळा म्हणावयास आरंभ केला. नाशकात महावितरणने बिलाच्या हप्त्यांवर सीएफएल दिवे देण्याचा प्रयोग केला. पुढे 5 जानेवारी 2015 रोजी देशभर जाहीर झालेल्या एलईडी योजनेत थोडी रक्कम आधी भरून बाकीची मासिक बिलातून फेडण्याची सोय ठेवण्यात आली. सरकारी खरेदीत जो दिवा 2014 च्या आरंभी 310 रुपयांस पडत होता, तो मागणी एकत्र झाल्यामुळे दोन-तीन वर्षांत 38 रुपयांवर उतरला. गिऱ्हाइकाला दिवा स्वस्त झाला हे खरे. परंतु संध्याकाळच्या महाग विजेतून कंपनीची जी सुटका झाली, तिचा हिशेब कोणत्याही बिलावर छापलेला नव्हता.

या हप्तेबंदीकडे पाहताना मला जुन्या तगाईची आठवण होते. बैल आणि बियाण्यासाठी सरकार कुणब्याला आगाऊ रक्कम देई आणि सुगीला साऱ्याबरोबर ती वसूल करी. देणाराही तोच, वसूल करणाराही तोच, आणि वसुलीचे साधन म्हणजे जे देणे कुणब्याला चुकविताच येत नाही ते. विजेचे बिल हे आजचे असे देणे आहे. दुकानदाराचे हप्ते थकले तर फार तर तो तगादा लावील. वीजवाल्याचे थकले तर घरात अंधार होतो. म्हणूनच बिलातून फेडीची योजना इतकी सुरळीत चालते, आणि म्हणूनच तिच्या करारनाम्यातील बारीक अक्षरे वाचण्यास चष्मा पुसून बसावे.

आता यंत्राकडे वळू. त्याच्या जन्मकथेत उष्ण प्रदेशांचा हात आहे ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडचे राजज्योतिषी पियाझी स्मिथ यांनी उष्ण कटिबंधातील खोल्यांची हवा यंत्राने थंड करण्याची एक कल्पना मांडली. हवा दाबावी, दाबल्याने तापलेली निववावी, आणि मग सैल सोडून थंड करावी. तिची चर्चा करता करता विल्यम थॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले, त्यांनी 1852 मध्ये असे दाखवून दिले की हेच यंत्र थंडीच्या देशात घर तापवूही शकेल, आणि तेही त्यास लागणाऱ्या शक्तीच्या मानाने कितीतरी अधिक उष्णता देऊन. गोऱ्या साहेबाचा उकाडा शमविण्यासाठी निघालेला विचार असा विलायतेच्या शेकोटीपाशी जाऊन बसला. 1856 च्या सुमारास ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर याने एबेन्सेच्या मिठाच्या कारखान्यात या तत्त्वाचा वापर करून खारे पाणी आटविण्याची खटपट केली. आपल्या मिठागरांत जे काम सूर्य फुकट करतो, त्यासाठी तेथे लाकूडफाट्याची बचत करण्याची निकड होती.

तथापि या तत्त्वाची जी आवृत्ती आपल्या किनाऱ्यावर प्रथम रुजली ती थंडावा देणारी होती. सातपाटीसारख्या मासळीच्या बंदरांचा व्यापार बर्फावाचून चालत नाही. आणि बर्फाचा कारखाना म्हणजे पाण्यातली उष्णता उपसून बाहेर फेकणारा पंपच होय. पापलेटाच्या पेटीत पडणाऱ्या प्रत्येक बर्फाच्या तुकड्यामागे तितकी ऊब कारखान्याच्या मागील अंगास वाऱ्यावर सोडलेली असते. घरातला फ्रिज आपल्या पाठीमागील जाळीतून हेच करतो. हीट पंप निराळे असे काही करीत नाही. आपण ज्या टोकाला हात लावतो ते टोक बदलते, इतकेच.

वीजपुरवठादाराने हे यंत्र स्वतः अंगावर घेतल्याचे एक सुंदर उदाहरण इंग्लंडातील नॉर्विच शहराचे आहे. तेथील नगरपालिकेच्या वीजखात्याचे अभियंते जॉन समनर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईत जुने, वापरलेले सुटे भाग जमवून, गावाच्या नदीतील उष्णता उपसणारा हीट पंप आपल्याच खात्याच्या इमारतीत 1945 साली चालू केला. खर्चलेल्या विजेच्या सुमारे तिप्पट ऊब तो देई. वरिष्ठांच्या मंजुरीची फार वाट न पाहता केलेला हा उद्योग होता असे दिसते. कोळसा आणि पुढे गॅस स्वस्त झाल्यावर तो मागे पडला, आणि विलायतेत हीट पंपाचे दिवस परत यावयास अर्धशतकाहून अधिक काळ गेला.

ते आता आले आहेत, आणि इंग्लंडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढेही वीजकंपन्यांचे प्रस्ताव येऊन पडतात. 2022 मध्ये सुरू झालेल्या सरकारी योजनेत 2023 च्या ऑक्टोबरपासून इंग्लंड आणि वेल्समधील घराला हीट पंपासाठी 7,500 पौंडांचे अनुदान आहे; ते मालकाच्या हाती पडत नाही, यंत्र बसविणारा ते परस्पर वसूल करतो आणि कंपनी ती रक्कम वजा करून भाव सांगते. त्यानंतर पाहणीस माणूस येतो, प्रत्येक खोलीतून किती ऊब गळते ते मोजतो, भिंतीवरचे तापक लहान आहेत म्हणून बदलावयास सांगतो, आणि गॅसच्या छोट्या बॉयलरमुळे ज्या घरांनी पाण्याची टाकी मोडीत काढली होती त्यांना ती पुन्हा ठेवण्यास जागा शोधावयास लावतो. मग विशेष दराची वीज येते, जी ठराविक तासांना स्वस्त असते. ते तास कोणते, हे पाहिले की इन्सलचा आत्मा शांत झाला असेल याविषयी शंका राहत नाही. तरीही तेथील हिशेब तितका सोपा नाही, कारण ब्रिटनमध्ये विजेचे युनिट गॅसच्या युनिटाच्या सुमारे चौपट महाग आहे. यंत्राने तिप्पट-साडेतिप्पट ऊब दिली तरी बिल जवळपास तेवढेच राहते, आणि लाभ खिशापेक्षा हवेला अधिक होतो.

आपल्या किनाऱ्यावर हा हिशेब उलट आहे, आणि म्हणूनच तो मांडण्यासारखा आहे. येथे घर तापवावयाचे नाही, फक्त पाणी तापवावयाचे आहे. आणि स्पर्धा स्वस्त गॅसच्या भट्टीशी नसून विजेच्याच गीझरशी आहे. शंभर लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापविण्यास गीझरला सुमारे तीन युनिटे लागतात. हीट पंपाला एक पुरते. शिवाय नवापूरची हवा पौषातसुद्धा उबदार आणि दमट असते, आणि या यंत्राला उपसण्यासाठी अशीच हवा मानवते. नॉर्विचच्या नदीला ती सर कधी यायची! अडचण आहे ती किमतीची. साधा गीझर काही हजारांत येतो, हीट पंप त्याच्या कितीतरी पट महाग, आणि ज्या घरात रोज चार बादल्याच ऊन पाणी लागते तेथे ती किंमत भरून निघावयास वर्षे लोटतात. बोईसरच्या वसाहतीतील मोठ्या कुटुंबाला किंवा किनाऱ्यावरच्या एखाद्या निवासगृहाला हा सौदा लवकर परवडेल. एकट्या म्हाताऱ्या जोडप्याला बहुधा नाही, आणि ज्याच्या छपरावर सूर्याच्या उन्हाने तापणारी टाकी आधीच बसली आहे त्याला तर मुळीच नाही.

पण विक्रेत्याची रिकामी वेळ पुन्हा बदलली आहे. 2024 च्या फेब्रुवारीत जाहीर झालेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या छपरावरील सौर संचास 78,000 रुपयांचे अनुदान असून त्याचे अर्ज महावितरणमार्फतच मार्गी लागतात. सौर वीज वाढत चालली तशी दुपारी वीज उतू जाते, आणि सकाळी सहा ते आठ, जेव्हा एकाच वेळी साऱ्या जिल्ह्यातले गीझर लागतात, तेव्हा सूर्य कामावर आलेला नसतो. जाड वेष्टणाची दोनशे लिटरांची टाकी असलेला हीट पंप दुपारी चालवून दुसऱ्या दिवशीच्या पहाटेचे पाणी राखून ठेवू शकतो. तेव्हा बिलाबरोबर अशा यंत्राची योजना आपल्या दारीही आली, तर तिचे स्वागत करण्यास हरकत नाही.

मात्र नवापूरच्या गृहस्थाने सही करण्यापूर्वी चार गोष्टी लेखी मागाव्यात. खारा वारा ॲल्युमिनियमच्या पात्यांना खाऊन टाकतो, हे येथे एअर कंडिशनर लावलेल्या कोणालाही ठाऊक आहे. म्हणून बाहेरच्या जाळीवर क्षारप्रतिबंधक लेप आहे काय, आणि जाळी गंजणे हमीतून वगळले आहे काय, हे विचारावे. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यात क्षार असतील तर टाकीच्या आतील लेपाचे काय, हेही विचारावे. विजेचा दाब कमीजास्त झाल्याने कंप्रेसर जळाला तर खर्च कोणाचा, आणि दुरुस्तीचा माणूस बोईसरहून येणार की ठाण्याहून, याचे उत्तर करारनाम्यात असावे. आणि यंत्र बंद पडलेल्या महिन्यातही त्याचा हप्ता बिलात लागणार असेल, तर त्या कलमाखाली सही करू नये.